रोगसंशोधन व आरोग्यशिक्षण : मुंबई बेट आणि कोल्हापूर संस्थान

उष्ण कटिबंधातील बेटे ही रोगांच्या अभ्यासाला सोयीची, परंतु माणसाच्या वस्तीला अवघड अशी स्थळे होत. बंदरात येणाऱ्या जहाजांबरोबर दूरदूरचे रोग तेथे येतात. दमट हवा, साचलेले पाणी व दाट वस्ती यांमुळे ते मूळ धरतात. आणि चहूबाजूंनी पाणी असल्यामुळे रोगाचा प्रवेश, फैलाव व ओसर यांची नोंद इतर ठिकाणांपेक्षा अधिक नेमकेपणाने ठेवता येते. हाँगकाँग, मॉरिशस व मुंबई ही तीन बेटे या कारणांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकीय संशोधनाची केंद्रे बनली. त्यांपैकी मुंबईचा इतिहास महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कारण तेथे लागलेल्या शोधांची परीक्षा बेटावरील चाळींत झाली, तशीच घाटावरील गावांतही झाली.

या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. ग्रंथिक संनिपातावरील (प्लेगवरील) प्रतिबंधक लस मुंबईत साथ ओळखली गेल्यापासून चार महिन्यांच्या आत तयार झाली. ती लोकांनी आपणहून टोचून घ्यावी एवढा विश्वास निर्माण होण्यास मात्र कित्येक वर्षे लागली. प्रयोगशाळेतील यश आणि लोकांनी केलेला त्याचा स्वीकार यांमधील या अंतराची किंमत हजारो कुटुंबांनी मोजली. ते अंतर कशामुळे पडले व कोणत्या उपायांनी कमी झाले, याचा आढावा येथे घेतला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम, कुलाबा व धाकटा कुलाबा या सात बेटांमधील खाड्या व खाजणे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत टप्प्याटप्प्याने भरून काढण्यात येऊन आजचे सलग बेट तयार झाले. त्यापूर्वी भरतीचे पाणी आत शिरून सखल भागात दलदल होत असे. मुंबईची हवा अत्यंत रोगट असून नवागत युरोपीय माणूस येथे दोन पावसाळ्यांपलीकडे तग धरत नाही, असा समज सतराव्या शतकात रूढ होता. भरावामुळे दलदल कमी झाली, तरी सखल जमिनीतील सांडपाण्याचा निचरा हा प्रश्न कायम राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्यांची वाढ झाल्यावर रत्‍नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतून कामकरी वर्ग मुंबईत येऊ लागला. एका खोलीत अनेक बिऱ्हाडे, धान्याच्या वखारींना लागून असलेल्या चाळी आणि कोंदट गल्ल्या अशी त्यांच्या वस्तीची स्थिती होती. हा कामकरी वर्ग सणावारी, सुगीला व संकटकाळी गावी जाई. त्यामुळे बेटाचे आरोग्य व घाटावरील खेड्यांचे आरोग्य ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली होती.

प्रारंभीचे संशोधन : भारतातील देवीच्या लसीकरणाचा आरंभ मुंबईतच झाला. बगदाद व बसरा या मार्गाने आलेली लस १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली आणि तिच्या हातावरील फोडातून घेतलेल्या द्रवाने पुढे इतरांना लस देण्यात आली. १८४५ मध्ये जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून उभारलेले रुग्णालय व त्याला जोडून ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाच्या पहिल्या पदवीधरांपैकी भाऊ दाजी लाड यांनी कुष्ठरोगावरील वनस्पतिज औषधांचा दीर्घकाळ अभ्यास केला. पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेऊन देशी औषधींची तपासणी करणारे ते आरंभीच्या एतद्देशीय वैद्यांपैकी होत.

याच महाविद्यालयात १८५८ पासून अध्यापन करणारे हेन्री व्हँडाइक कार्टर यांचे नाव शरीररचनाशास्त्राच्या विख्यात ग्रंथाचे चित्रकार म्हणून सर्वश्रुत आहे. तथापि त्यांचे स्वतंत्र संशोधन मुख्यत्वे मुंबईत झाले. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायाला होणाऱ्या कवकजन्य रोगावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १८७६–७७ च्या दुष्काळात दख्खनमधून उपाशी माणसांचे लोंढे मुंबईत आले, तेव्हा त्यांच्यात पसरलेल्या पुनरावर्ती ज्वराचे सर्पिल आकाराचे जंतू कार्टर यांनी रुग्णांच्या रक्तात दाखवून दिले. या ज्वरावरील त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये निघाला. बेटावरील शोध आणि घाटावरील आपत्ती यांचा संबंध येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो.

पटकीच्या बाबतीत संशोधनापेक्षा स्थापत्याचा उपयोग अधिक झाला. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने शहरात आले. पुढे १८९२ मध्ये तानसा जलाशयाची भर पडली. तथापि मुबलक पाण्याच्या मानाने सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय झाली नाही आणि दाट वस्तीच्या भागांत जमीन ओलसर राहू लागली.

१८९६ ची साथ : १८९४ मध्ये हाँगकाँग बेटावर ग्रंथिक संनिपाताची मोठी साथ आली. तेथे आलेक्सांद्र यर्सं यांनी या रोगाचा जंतू शोधून काढला. शिबासाबुरो किटासाटो यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले. त्यानंतर दोन वर्षांनी हा रोग मुंबई बंदरात पोहोचला. २३ सप्टेंबर १८९६ रोजी मांडवी विभागातील रुग्ण तपासून डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगश यांनी तो ग्रंथिक संनिपात असल्याचे निदान जाहीर केले. मांडवीत धान्याच्या वखारी असल्याने उंदरांचा सुळसुळाट होता. रोग्यांच्या आधी मेलेले उंदीर दिसू लागल्याचे तेथील रहिवाशांनी पाहिले होते. परंतु उंदीर व माणूस यांच्यामधील दुवा कोणता, हे त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. रोग घाणीतून, जमिनीतून किंवा स्पर्शातून पसरतो असे मानून उपाय योजण्यात आले. मोऱ्यांत जंतुनाशके ओतणे, घरांच्या भिंतींना चुना फासणे, छपरे उघडून ऊन आत घेणे, सामान जाळणे आणि रोग्यास सक्तीने रुग्णालयात नेणे हे त्यांतील प्रमुख होत.

साथीच्या भयाने लोक शहर सोडू लागले. १८९७ च्या आरंभी काही महिने मुंबईतील निम्म्याच्या आसपास लोक बाहेर पडले होते. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली शहराची लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. आगगाडीने व गलबतांनी गेलेल्या या लोकांबरोबर रोगही कोकणात, पुण्यात व दक्षिण महाराष्ट्रात गेला.

हाफकीन यांची लस : वॉल्डेमार हाफकीन (१८६०–१९३०) हे ओडेसा येथे जन्मलेले व पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले सूक्ष्मजंतुशास्त्रज्ञ होते. पटकीवरील लसीच्या चाचणीसाठी ते १८९३ मध्ये भारतात आले. ऑक्टोबर १८९६ मध्ये त्यांना मुंबईस पाठविण्यात आले आणि ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील अपुऱ्या जागेत मोजक्या साहाय्यकांसह त्यांनी काम सुरू केले. मांसरसाच्या पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवल्यास प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबणाऱ्या धाग्यांप्रमाणे भरपूर वाढतात, असे त्यांना आढळले. अशी संवर्धने उष्णतेने मारून व त्यांत कार्बॉलिक अम्ल मिसळून लस तयार करण्यात आली. लोकांच्या धार्मिक भावनांचा विचार करून पोषक द्रवासाठी बोकडाचे मांस वापरण्यात आले, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी प्रथम स्वतःला लस टोचून घेतली. ज्वर आला व टोचलेल्या जागी वेदना झाल्या. तथापि काही दिवसांत त्या ओसरल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळा तुरुंगात साथ उद्भवली. स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना रोग होऊन ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना रोग झाला व कोणीही मरण पावले नाही. पुढे पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे ८,२३० वस्तीपैकी २,१९७ लोकांनी लस घेतली. त्यांतील ३६ मरण पावले. उरलेल्या ६,०३३ लोकांत मृतांची संख्या १,४८२ होती. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांना लस देण्यात आली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना रोग होऊन ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग होऊन २६ दगावले. या प्रयोगात दोन्ही गटांतील माणसे एकाच छपराखाली राहत व एकच अन्न खात असल्यामुळे फरक लसीचाच आहे, हे गावकऱ्यांना आकडेमोडीवाचूनही दिसले.

लस संपूर्ण संरक्षण देत नसे व तिचा परिणाम काही महिनेच टिके. तरीही उपलब्ध उपायांत ती सर्वाधिक परिणामकारक होती. प्रयोगशाळेला प्रथम मलबार टेकडीवरील एका बंगल्यात, नंतर आगाखान यांनी दिलेल्या खुश्रू लॉजमध्ये आणि अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या राजभवनात जागा मिळाली. १९०६ मध्ये तिला मुंबई सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असे नाव देण्यात आले व १९२५ मध्ये ती हाफकीन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

सक्ती व प्रतिकार : लस सिद्ध होत असतानाच शहरात सरकारी उपायांविरुद्ध असंतोष वाढत होता. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, हा लोकांचा अनुभव होता. रोगी अगदी अखेरच्या अवस्थेत तेथे पोहोचत, हे त्याचे खरे कारण. पण तेथे माणसे मारली जातात असा प्रवाद पसरला. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर होऊन सरकारला घरांची झडती घेणे, प्रवाशांची तपासणी करणे, रोग्यांना व त्यांच्या सहवासातील माणसांना वेगळे ठेवणे इ. व्यापक अधिकार मिळाले. पुण्यात गोऱ्या सैनिकांकडून घरझडत्या घेण्यात आल्या. देवघरे व माजघरे यांची मर्यादा राखली गेली नाही. त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी वॉल्टर चार्ल्स रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुरा भागात घरातील स्त्रीची तपासणी करण्यावरून दंगल उसळली.

याच काळात वेगळ्या वृत्तीने केलेल्या सेवेचीही उदाहरणे आढळतात. सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळ आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा केली व तीत संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. मुंबईत आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि त्यांचे पाहून खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. निरनिराळ्या जातीधर्मांच्या लोकांना आपापली रुग्णालये चालविण्याची मुभा मिळाल्यावर, आपल्या हातचे अन्नपाणी व आपल्या माणसांची देखभाल मिळते म्हणून रोगी लवकर दाखल होऊ लागले. सक्तीमुळे रोगी लपविले जातात व लपविलेला रोगीच साथ वाढवितो, हे अनुभवाने पटल्यावर सरकारने १८९८ नंतर क्रमाक्रमाने सक्तीचे उपाय सैल केले आणि लस, स्थलांतर व स्वच्छता यांबाबत समजुतीच्या मार्गावर भर दिला.

कोल्हापूर संस्थान : मिरज–कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाल्यावर कोल्हापूर मुंबईच्या लोहमार्गाशी जोडले गेले. व्यापार व शिक्षण यांना त्यामुळे चालना मिळाली. पण गिरणगावातून परतणाऱ्या माणसांबरोबर साथ येण्याचा मार्गही खुला झाला. १८९६–९७ च्या दुष्काळाने लोक आधीच खंगले होते. २ एप्रिल १८९४ रोजी राज्याधिकार ग्रहण केलेल्या शाहू महाराजांना कारभाराच्या आरंभीच्या वर्षांतच दुष्काळ व प्लेग या दोन्ही संकटांना तोंड द्यावे लागले.

संस्थानातील उपाय तत्त्वतः ब्रिटिश मुलखातल्यासारखेच होते. गाव खाली करणे, गावाबाहेर माळावर खोपटी घालून राहणे, बाहेरून येणाऱ्यांची तपासणी, घरांची सफाई व लस टोचणे हे त्यांतील प्रमुख होत. भिन्नता होती ती अंमलबजावणीच्या रीतीत. महाराज स्वतः साथग्रस्त भागात फिरले. राज्यकर्ताच माळावर येऊन विचारपूस करतो हे पाहिल्यावर गाव सोडण्याचा हुकूम लोकांना शिक्षेसारखा वाटण्याचे प्रमाण कमी झाले. शेतकऱ्याच्या दृष्टीने गाव सोडणे सोपे नव्हते; गुरे, वैरण, पेवांतील धान्य व देवघर मागे टाकून जावे लागे आणि चोरीची भीती असे. म्हणून खोपटीसाठी साहित्य व मागे राहिलेल्या घरांची राखण यांची हमी मिळणे, हे वैद्यकीय उपायाइतकेच महत्त्वाचे होते.

स्त्रियांच्या उपचाराबाबत कोल्हापूरची जाणीव प्लेगच्याही आधीची आहे. अमेरिकेत वैद्यकाची पदवी संपादन करणाऱ्या आनंदीबाई जोशी यांची १८८६ मध्ये कोल्हापूरच्या ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी नेमणूक करण्यात आली होती. मायदेशी परतल्यावर आजारपणामुळे त्यांना ते काम हाती घेता आले नाही व २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तरीही स्त्रीरोग्यांसाठी स्त्रीवैद्य हवी हा विचार संस्थानाने नेमणुकीच्या रूपाने मान्य केला होता. मदनपुऱ्यातील दंगल त्यानंतर बारा वर्षांनी झाली. जी गोष्ट मुंबईच्या अधिकाऱ्यांना संघर्षातून शिकावी लागली, ती कोल्हापुरात आधीच ध्यानी आलेली होती. हे रुग्णालय पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले.

लोकांचे स्वतःचे निरीक्षणही या काळात उपयोगी पडले. उंदीर पडू लागले की गाव सोडावे, हा संकेत खेड्यांत रूढ झाला. शास्त्राने उंदीर व पिसू यांचा संबंध सिद्ध करण्यापूर्वीच शेतकऱ्यांनी आपल्या अनुभवातून हा नियम बसविला होता. माळावर उंदरांची बिळे व दाट वस्ती नसल्यामुळे तेथे राहणारी माणसे बहुधा बचावत आणि नियम अधिकच पक्का होई. लोकांच्या या समजुतीशी जुळेल अशा रीतीने सरकारी सूचना दिल्या गेल्या, तेथे त्या पाळल्या गेल्या. कोल्हापूरशी मिरजेमार्गे लोहमार्गाने जोडलेल्या हुबळी शहरातही १८९८ मध्ये बहुसंख्य रहिवाशांनी लस घेतली, ती स्थानिक पुढाऱ्यांच्या सहकार्यानेच.

पिसवांचा शोध : रोग कसा पसरतो याचे उत्तर मिळण्यास आणखी काही वर्षे लागली. पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराची येथे उंदरावरील पिसवा रोग वाहून नेतात, असे प्रयोगाने दाखविले. पण अनेक तज्ज्ञांनी ते मान्य केले नाही. मुंबईत विल्यम ग्लेन लिस्टन यांनी हा धागा पुन्हा उचलला. साथ चालू असलेल्या घरांत गिनीपिग सोडून ते त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा गोळा करीत. रोगाने उंदीर मेलेल्या घरांत त्यांची संख्या मोठी असे. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने परळ येथे याचा पद्धतशीर पाठपुरावा केला. पिसवा पोहोचू शकणार नाहीत इतक्या उंचीवर टांगलेल्या किंवा भोवती पुरेशा रुंदीचा चिकट कागद पसरलेल्या पिंजऱ्यांतील प्राणी निरोगी राहिले. जमिनीलगतचे प्राणी मेले. यामुळे हवा, जमीन व स्पर्श यांवरील संशय दूर झाला.

या शोधाचा व्यावहारिक अर्थ मोठा होता. मोऱ्यांत ओतलेली जंतुनाशके, जाळलेले कपडे व उघडलेली छपरे यांचा बहुतांश खटाटोप चुकीच्या कल्पनेवर आधारलेला होता, असे त्यातून निष्पन्न झाले. ज्या उपायांसाठी लोकांच्या घरादारांची विटंबना झाली, त्यांतील अनेक निष्फळ होते. आणि गाव सोडून माळावर जाण्याची लोकांची रीत शास्त्रदृष्ट्या योग्य होती.

मुलकोवाल दुर्घटना : ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. एकाच बाटलीतील लस दूषित झाली होती. चौकशीचा रोख परळच्या प्रयोगशाळेकडे वळला व हाफकीन यांना पदावरून दूर व्हावे लागले. गावात बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याचे पुढे उजेडात आले. रॉनल्ड रॉस व अन्य तज्ज्ञांनी १९०७ मध्ये त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते दोषमुक्त ठरले. तथापि पाच वर्षांच्या या काळात लसीविषयीच्या भीतीला खतपाणी मिळाले. लस निर्दोष असून भागत नाही. ती टोचणाऱ्या हातांचे शिक्षणही तितकेच काटेकोर असावे लागते, हा या दुर्घटनेचा धडा होय.

हिवताप व विहिरींचा प्रश्न : प्लेगच्या अनुभवानंतर मुंबईत हिवतापाचा प्रश्न पुढे आला. चार्ल्स बेंटली यांनी १९११ मध्ये सादर केलेल्या अहवालात शहरातील हिवतापाचा मुख्य वाहक ॲनॉफेलीस स्टीफेन्साय हा डास असून त्याची पैदास प्रामुख्याने घरोघरच्या विहिरींत व हौदांत होते, असे दाखविले. विहिरी बुजवाव्यात किंवा झाकाव्यात, हा त्यावरील उघड उपाय होता. परंतु हिंदू, जैन व पारशी कुटुंबांच्या धर्मकृत्यांना विहिरीचे पाणी लागे. सूर्यप्रकाश व वारा लागलेले पाणीच शुद्ध, अशीही समजूत होती. तक्रारी व चर्चा बरीच वर्षे चालल्या. काही विहिरी बुजविण्यात आल्या, तर काहींवर पाणी काढण्यापुरते दार ठेवून झाकण बसविण्याची तडजोड झाली. डासाची अळी काचेच्या भांड्यात समक्ष दाखविणे हा घरमालकाची खात्री पटविण्याचा सर्वांत सोपा मार्ग होता. प्लेगच्या काळाशी तुलना करता हा प्रश्न धिम्या गतीने, पण रक्तपातावाचून सुटला.

आरोग्यशिक्षणाच्या संस्था : १९०१ पासून मुंबईचे आरोग्याधिकारी असलेले डॉ. जॉन टर्नर यांच्या पुढाकाराने मुंबई सॅनिटरी असोसिएशन स्थापन झाली. जादूच्या कंदिलाच्या साहाय्याने व्याख्याने देणे व घरोघरी जाऊन स्वच्छतेचे नियम समजावून सांगणे ही तिची कामे होती. १९११ मध्ये ना. म. जोशी यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारवस्त्यांत रात्रशाळा, वाचनालये व दवाखाने चालविले. रोगाची माहिती, वाचनाची सवय व कामगाराचे हक्क ही एकाच प्रश्नाची अंगे आहेत, अशी या संस्थेची भूमिका होती.

कोल्हापुरातही हाच विचार वेगळ्या मार्गाने प्रत्यक्षात आला. शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना चालना दिली व १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. या धोरणाचा प्रत्यक्ष हेतू आरोग्यशिक्षण हा नव्हता. परंतु दवंडीवर विसंबणाऱ्या गावात हुकूम पोहोचतो, त्यामागील कारण पोहोचत नाही. वाचता येणाऱ्या गावात कारणही पोहोचते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने या शाळांचे मोल त्यात आहे.

अन्य बेटांशी तुलना : हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाचा इतिहास मुंबईशी ताडून पाहण्यासारखा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून कोकण व घाटावरील मराठी मजूर उसाच्या मळ्यांवर कामासाठी तेथे गेले. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी समाज म्हणून ओळखले जातात. १८६६ ते १८६८ या काळात तेथे हिवतापाची भीषण साथ येऊन हजारो लोक मृत्युमुखी पडले. १९०० मध्ये दारुती दे ग्रांप्रे व देमरे द शारमॉय या स्थानिक अभ्यासकांनी तेथील डासांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. १९०७–०८ मध्ये रॉनल्ड रॉस यांनी बेटाला भेट देऊन डासनिर्मूलनाची योजना आखून दिली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी फवारणीच्या मोहिमेमुळे हिवताप झपाट्याने मागे हटला व १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशस हिवतापमुक्त झाल्याचे मान्य केले. तथापि १९७५ च्या चक्रीवादळानंतर रोग परतला आणि तो पुन्हा घालविण्यास १९९८ साल उजाडले. चहूबाजूंनी समुद्र असला, तरी दक्षता सुटली की रोग परत येतो, हे यावरून दिसते.

उत्तरकालीन घडामोडी : १९३२ पासून हाफकीन संस्थेचे संचालक असलेले साहिबसिंग सोखी यांच्या काळात प्लेगच्या लसीत सुधारणा झाली, तसेच सल्फा औषधांचा प्लेगवरील उपयोग तपासण्यात आला. प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर वेळीच निदान झालेला रोगी वाचू लागला आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर प्लेग जवळजवळ दिसेनासा झाला. १९७५ मध्ये भारतातील देवीचा रोग हटला; पायऱ्यांच्या विहिरींतील पाण्यातून होणाऱ्या नारूपासून २००० मध्ये देश मुक्त झाल्याचे मान्य करण्यात आले. नारूवर लस नव्हती व खात्रीचे औषधही नव्हते. पाणी गाळून पिणे व नारू झालेल्या माणसाने विहिरीत न उतरणे, एवढ्या साध्या गोष्टी गावोगाव पटवून देऊन तो नाहीसा करण्यात आला. आरोग्यशिक्षणाच्या सामर्थ्याचे याहून स्पष्ट उदाहरण आढळत नाही.

१९९४ मध्ये बीड जिल्ह्यात व सुरत शहरात प्लेगचे रुग्ण आढळल्याच्या वार्तेने सुरतेतून लाखो लोक बाहेर पडले. उपचार उपलब्ध असूनही भीतीचा वेग शंभर वर्षांपूर्वीइतकाच राहिला. २०२० मध्ये करोना विषाणूच्या साथीत १८९७ चाच साथरोग कायदा लागू करण्यात आला आणि मुंबईतील कामकरी वर्ग पुन्हा एकदा गावाकडे निघाला. या वेळीही गावाच्या वेशीवर विलगीकरण, शाळांतून मुक्काम व लसीविषयीच्या शंका हे प्रश्न उभे राहिले.

मूल्यमापन : मुंबई बेटावरील संशोधनाने रोगजंतू, लस व रोगवाहक यांविषयीच्या ज्ञानात मोलाची भर घातली. परंतु लस दंडुक्याच्या सोबतीने आली, तेथे ती नाकारली गेली. आपल्यातील माणसाने प्रथम टोचून घेतली, परिणाम डोळ्यांदेखत दिसला व घरादाराची अप्रतिष्ठा झाली नाही, तेथे ती स्वीकारली गेली. उंढेरा गाव, आगाखानांचे अनुयायी, कोल्हापूरचे माळ व नारूमुक्त खेडी या सर्वांचा अनुभव एकच आहे. रोगाचे ज्ञान प्रयोगशाळेत निर्माण होते. पण त्याचा उपाय लोकांच्या विश्वासाने पुरा होतो आणि हा विश्वास साथ येण्यापूर्वीच मिळवून ठेवावा लागतो.